शंभर यार्डांच्या आत

सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्थानकातून दोन राज्यांची हद्द जाते. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत, आणि मधले एक बाकडे असे की त्यावर शेजारी बसलेली दोन माणसे दोन राज्यांत बसलेली असतात. येणारे-जाणारे तिथे हौसेने फोटो काढतात. २०१२ च्या पावसाळ्यात मात्र या हद्दीला वेगळाच अर्थ आला. १९ जुलैला महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाला यांचे उत्पादन, साठवणूक आणि विक्री बंद करणारा आदेश काढला. गुजरातची बंदी लागू झाली ११ सप्टेंबरला. मधल्या पन्नासेक दिवसांत जी पुडी नवापुरात विकणे बेकायदा होते, तीच पलीकडे उच्छलच्या टपरीवर टांगायला कायद्याची कसलीही आडकाठी नव्हती.

नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात असले तरी १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. उत्तरेकडे मध्य प्रदेशाच्या हद्दीवरही हीच गत. शिरपूर तालुक्यात पळासनेर ओलांडले की मुंबई-आग्रा महामार्ग सातपुडा चढतो आणि सेंधव्याकडे जातो. रावेरहून बऱ्हाणपूर जवळच, मुक्ताईनगरहूनही तिकडे सरळ रस्ता. चोपडा आणि यावलच्या अंगाला डोंगरातून पाऊलवाटा आहेतच. खानदेश दोन बाजूंनी परराज्यांना भिडलेला मुलूख आहे. मुंबईत मंत्रालयात निघालेला कुठलाही बंदीहुकूम टिकतो की गळतो, हे इथे सगळ्यांत आधी कळते.

आज शाळकरी मुलांच्या दप्तरात ई-सिगारेट सापडल्याच्या बातम्या मोठ्या शहरांतून येतात. त्या वाचून आपल्याकडचे पालक म्हणतात, हे पुण्या-मुंबईचे दुखणे, आपल्याकडे काय त्याचे! मला ते पटत नाही. ही नवी नळी मुलांशी जे करते, ते सगळे एका चिमुकल्या पुडीने जळगाव-धुळ्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. तिला आवरायला सरकारला किती वेळा प्रयत्न करावे लागले आणि दर खेपेला कुठे चुकले, हा इतिहास आपल्याच दाराशी घडला आहे. तो नीट सांगायला हवा.

तंबाखू मुळात इकडची नव्हे. पोर्तुगीजांनी ती आणली आणि दख्खनच्या दरबारांनी ती उचलली. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला, फारुकी घराण्याचा खानदेश मोगलाईत गेला, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत असद बेग नावाचा त्याचा एक अधिकारी विजापूरहून परतला. दख्खनमधून आग्र्याला जायची राजवाट त्या काळी खानदेशातून, बऱ्हाणपूर-असीरगडावरून जाई. येताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नजराणा म्हणून आणली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. तेव्हा दरबारातला हकीम पुढे झाला. त्याचे म्हणणे असे की हा पदार्थ अपरीक्षित आहे, आपल्या वैद्यांनी त्यावर काहीही लिहून ठेवलेले नाही, असली वस्तू बादशहांना कशी द्यावी? असद बेगने प्रतिवाद केला की फिरंग्यांत शहाणी माणसे नाहीत असे थोडेच आहे, आणि प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते. वादात तो जिंकला. अकबराने स्वतः सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी मागणी केली, व्यापाऱ्यांनी माल आणला आणि तंबाखू सर्वत्र पसरली. तो हकीम मला फार महत्त्वाचा माणूस वाटतो. जे तपासलेले नाही ते आधी तपासा, मग द्या, एवढेच तो म्हणत होता. चारशे वर्षांनी ई-सिगारेटच्या वेळी डॉक्टरांना नेमके हेच म्हणावे लागले.

१६१७ मध्ये जहांगीराने तंबाखू ओढण्यास मनाई केली. लोकांच्या प्रकृतीवर आणि बुद्धीवर तिचा वाईट परिणाम होतो, असे कारण त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. इराणच्या शाह अब्बासनेही तसाच हुकूम काढला होता. पण जहांगीराचा इराणमधला वकील खान आलम तंबाखूशिवाय राहू शकत नसे, म्हणून शाहने त्याला सवलत दिली. मनाई काही वर्षांत विरून गेली.

पुढची साडेतीनशे वर्षे खानदेशात तंबाखू होती ती मोठ्या माणसांची. शेतकऱ्याच्या कमरेला चंची, तीत पाने, कात, सुपारी, तंबाखूचा चुरा आणि चुन्याची डबी. बायका मशेरी लावत. सातपुड्यातून टेंभुर्णीची पाने विडीसाठी उतरत. यातून लोक आजारी पडत नव्हते असे मुळीच नाही. पण पोराने चंचीला हात लावला तर पाठीत धपाटा बसे, आणि विडी ओढली तर वासावरून घरी कळे. मुलाला तंबाखूपासून लांब ठेवणारी ही घरगुती राखण होती. ती कशी मोडली, ते पुढच्या गोष्टीत आहे. कायद्यानेही मुलांचा विचार लवकर केला होता. इंग्लंडने १९०८ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी केली, पंजाबने १९१८ मध्ये आणि बंगालने १९१९ मध्ये मुलांच्या धूम्रपानावर कायदे केले. पण या साऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता तो धूर. मुलगा धूर न काढता तंबाखू घेईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. १९७५ चा केंद्रीय कायदासुद्धा सिगारेटपुरताच होता. पाकिटावर वैधानिक इशारा छापा, एवढीच त्याची झेप.

सत्तरच्या दशकात कानपूरकडे डब्यातला तयार पानमसाला निघाला आणि लवकरच तो छोट्या पुडीत आला. त्यात तंबाखू मिसळली की झाला गुटखा. आपल्याकडे शिरूर-घोडनदीच्या रसिकलाल धारीवालांनी माणिकचंद गुटख्याचे साम्राज्य उभे केले. त्या नावाने पुढे चित्रपटसृष्टीचे मोठे पुरस्कार सोहळे झाले. तंबाखूची जाहिरात टाळून तेच नाव पानमसाल्याच्या रूपाने घराघरांतल्या टीव्हीवर येत राहिले.

ती पुडी जरा जवळून पाहा. चकचकीत प्लास्टिकची, बोटभर लांब, माळेसारखी टपरीच्या दर्शनी भागात लोंबणारी. दाताने कोपरा फाडायचा आणि तोंडात रिकामी करायची. आत सुपारीचे बारीक तुकडे, कात, चुना, तंबाखू, वर गोडसर सुगंध आणि मेंथॉलचा गारवा. यातला चुना चवीपुरता नसतो. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते आणि निकोटिन मोकळे होऊन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झटकन रक्तात उतरते. किंमत रुपया-दोन रुपये, म्हणजे शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशांत बसणारी. पानासारखी ती लावून घ्यावी लागत नाही, विडीसारखा धूर नाही, कपड्यांना वास नाही. गणवेशाच्या खिशात, कंपासपेटीत, बुटात, कुठेही मावते. घरी विचारले तर सुपारी खाल्ली म्हणून सांगता येते. चंचीभोवती घराघराने जी राखण उभी केली होती, ती या पुडीने एका पिढीत निकालात काढली. जळगावच्या बसस्टँडपासून फुले मार्केटपर्यंत, धुळ्याच्या आग्रा रोडपासून पाचकंदीलपर्यंत आणि तिथून तालुक्याच्या गावांत शाळेच्या फाटकापर्यंत पुडी पोचली. तिच्यासाठी वेगळे दुकान लागले नाही. गोळ्या-बिस्किटे विकणाऱ्या टपरीवर एक दोरी बांधली की पुरे.

याची किंमत कशात मोजायची? दंतवैद्याकडे जाऊन पाहावे. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दंत महाविद्यालय आहे, आणि अशा ठिकाणच्या तपासणीत एक साधी चाचणी असते. रुग्णाला म्हणतात, स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घाल. निरोगी माणसाची तीन बोटे सहज जातात. ज्याने वर्षानुवर्षे पुडी खाल्ली त्याची दोन जातात, मग एक, मग तेही नाही. गाल आतून पांढरट आणि चामड्यासारखे ताठ होतात, हात लावला तर पट्टे लागतात. तिखट सहन होत नाही. भाकरीचा घास तोंडात जात नाही. खानदेशात, जिथे जेवण ठेच्याशिवाय पुरे होत नाही, तिथे पंचविशीतला गडी दुधात चुरलेले काहीतरी चमच्याने खातो. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आत तंतू साचत जातात आणि ते साचलेले तंतू सहसा परत जात नाहीत. या विकाराचे वर्णन भारतीय वैद्यकात १९५० च्या दशकातच झाले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांत घरोघर फिरून लोकांची तोंडे तपासली. महाराष्ट्रातल्या त्यांच्या पाहणीत १,०१,७६१ ग्रामस्थ होते आणि तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच परंपरेतले प्रकाश गुप्ता यांनी १९९८ मध्ये भावनगरच्या अभ्यासावरून इशारा दिला की हा विकार आता तरुणांत साथीसारखा पसरतो आहे आणि त्याचे कारण पुडीतली सुपारी आहे. यातल्या काहींचे पुढे तोंडाच्या कर्करोगात रूपांतर होते. इशारा वेळेवर आला होता. प्रश्न होता तो ऐकणार कोण?

महाराष्ट्राने तो ऐकला, हे मान्य करायला हवे. विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना १ ऑगस्ट २००२ पासून राज्यात गुटखा आणि पानमसाला यांवर पाच वर्षांची बंदी आली. पण पाया कच्चा निघाला. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यातल्या ज्या कलमाचा आधार घेतला होता, ते साथीसारख्या तातडीच्या वेळी एखादा पदार्थ तात्पुरता रोखण्यासाठी आहे, कायमच्या बंदीचा अधिकार केंद्राकडे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. जयसिंगपूरच्या गोदावत कंपनीच्या या खटल्याचा निकाल २ ऑगस्ट २००४ रोजी लागला आणि बंदी रद्द झाली. पुडी खाण्याने तोंड बिघडते की नाही, या प्रश्नावर सरकार हरले नव्हते. ते हरले अधिकार कुणाचा या मुद्द्यावर. पण टपरीवाल्याला आणि पोरांना दिसले एवढेच की माळा पुन्हा लटकल्या. दोन वर्षे दबकून असलेला धंदा जेव्हा राजरोस परत येतो, तेव्हा तो आधीपेक्षा जास्त प्रतिष्ठेने येतो. त्या एका निकालाने आपल्याकडची आठ वर्षे गेली. २००२ मध्ये सहावीत असलेला मुलगा २०१२ मध्ये बाविशीचा झाला होता. त्या पिढीच्या गालांत काय साठले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

याच सुमारास, २००३ मध्ये, तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमाने अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विकणे बेकायदा ठरवले. शाळांच्या भिंतींवर तसे फलक लागले.

गुटखाबंदीचा खरा मार्ग सापडला २०११ मध्ये. नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली एक नियम आला की कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन हा घटक म्हणून वापरता येणार नाही. सुपारी हे अन्न आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात म्हटले होते. म्हणजे गुटखा हे अन्न आणि त्यात तंबाखू, तेव्हा तो नियमबाह्य. १ एप्रिल २०१२ ला मध्य प्रदेशाने या नियमाच्या आधारे देशात पहिली बंदी घातली. मुंबईत टाटा रुग्णालयाचे डॉ. पंकज चतुर्वेदी आणि जबडा गमावलेले त्यांचे रुग्ण सरकारांपुढे उभे राहत होते. ज्यांना धड बोलता येत नव्हते, अशी ही माणसे होती. जुलैत पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने बंदी केली. अन्न व औषध प्रशासन खाते तेव्हा मनोहर नाईक यांच्याकडे होते आणि आयुक्त होते महेश झगडे. कराचे सुमारे शंभर कोटी रुपये बुडणार हे ठाऊक असूनही निर्णय झाला. धारीवाल कंपनी उच्च न्यायालयात गेली. १५ सप्टेंबर २०१२ रोजी न्यायालयाने स्थगिती नाकारली. पुढच्या वर्षीच्या आदेशात सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही आली.

आता खानदेशाच्या सीमेकडे परत येऊ, कारण पुढची सगळी लढाई तिथे झाली. मध्य प्रदेश आणि गुजरातेत तंबाखूमिश्रित गुटखा बंद झाला, तरी तंबाखू नसलेला पानमसाला विकायला मोकळीक राहिली. महाराष्ट्राने पानमसालाही बंद केला. कंपन्यांनी यावर सोपा तोडगा काढला. एका पुडीत पानमसाला, दुसऱ्या लहान पुडीत तंबाखू. दोन्ही वेगवेगळ्या कायदेशीर वस्तू, आणि दोन्ही एकाच दोरीवर शेजारी लटकलेल्या. गिऱ्हाईक हातावर दोन्ही मिसळते आणि तोंडात टाकते. पलीकडे हा उघड व्यापार, अलीकडे तो गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या जोडपुड्यांची गंभीर दखल घेतली, तरी माल थांबला नाही. तो सेंधव्याच्या घाटातून उतरतो, बऱ्हाणपूरकडून रावेर-मुक्ताईनगरला येतो, नवापूरमार्गे साक्री-धुळ्याकडे सरकतो. जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत गुटख्याचा ट्रक पकडल्याची बातमी इतक्या वेळा येते की वाचक पान उलटतो. कधी पोती पशुखाद्याची म्हणून असतात, कधी खोक्यांवर बिस्किटांची नावे. पंचनामा होतो, नमुने प्रयोगशाळेत जातात, माल गोदामात सील होतो आणि काही काळाने जाळला जातो. पकडला जातो तो बहुधा चालक आणि क्लीनर. माल कुणाचा, हे कागदावर क्वचितच येते.

या गळतीला आणखी एक दार होते. अन्नसुरक्षा कायद्याखालचा खटला वर्षानुवर्षे चाले आणि आरोपीला धाक वाटत नसे, म्हणून पोलीस भारतीय दंडविधानाचे ३२८ वे कलम, म्हणजे विषारी पदार्थ देऊन इजा करणे, लावू लागले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे गुन्हे रद्द केले. विशेष कायदा असताना दंडविधान लावता येणार नाही, असा त्याचा आशय होता. राज्य सरकार वर गेले आणि २० सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन्ही कायद्यांखाली कारवाईला मनाई नाही. मधली अडीच वर्षे मात्र ठाणेदाराच्या हातात फारसे काही नव्हते.

मग बंदी फसली का? असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि पारावर बसून ते म्हणणे सोपे आहे, कारण पुडी आजही मिळते. पण आकडे वेगळे बोलतात. राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू खाणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये २७.६ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २४.४ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटना आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने महाराष्ट्रासह काही राज्यांत केलेल्या अभ्यासात ९२ टक्के लोकांनी गुटखाबंदीला पाठिंबा दिला, आणि खाणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी बंदीमुळे खाणे कमी झाल्याचे सांगितले. चोरून घ्यावी लागणारी, दोन-तीन पट महाग झालेली पुडी कमी खाल्ली जाते, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. बंदीने पुडी संपली नाही, पण तिची प्रतिष्ठा आणि स्वस्ताई गेली.

राष्ट्रीय पाहणीतलाच दुसरा आकडा मात्र काळजीत टाकतो. महाराष्ट्रात १५ ते १७ वयोगटातल्या मुलांमध्ये तंबाखू वापरणारे २.९ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर गेले. मोठी माणसे कमी करत असताना मुले वाढली. म्हणजे बंदीचा धाक जिथे सगळ्यांत जास्त हवा होता, त्या शंभर यार्डांत तो पोचलाच नाही. इतक्या लहान वयात लागलेले निकोटिन सुटणे फार अवघड, कारण मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. ज्या धंद्याची जुनी गिऱ्हाइके मरत असतात, त्याला नवी गिऱ्हाइके याच वयात लागतात.

हे सगळे इथे चालू असताना जगाच्या दुसऱ्या टोकाला नवे साधन तयार झाले होते. २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने आजची ई-सिगारेट घडवली. बॅटरीवर तापणारी तार, तिच्यावर निकोटिनचे द्रव, त्याची वाफ. सिगारेट सुटत नाही अशांसाठी पर्याय, असा तिचा सुरुवातीचा दावा होता. २०१५ मध्ये अमेरिकेत जूल आली. पेन-ड्राइव्हसारखी दिसणारी, आंब्या-पुदिन्याच्या स्वादाची. तिच्यातले रसायन आपल्या पुडीच्या बरोबर उलटे काम करते. पुडीत चुना घालून निकोटिन मोकळे केले जाते, तर इथे बेन्झॉइक आम्ल घालून त्याचा घशाला होणारा जळजळाट घालवला जातो, म्हणजे नवख्या मुलालाही खोकला न येता भरपूर निकोटिन आत घेता येते. रीत वेगळी, हेतू तोच. बाकी तर सगळे ओळखीचे आहे. गोड स्वाद, वास नाही, लपवायला सोपे, घरच्यांना ओळखू न येणारे. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांत ई-सिगारेट वापरणारे २०१७ मध्ये ११.७ टक्के होते, २०१९ मध्ये २७.५ टक्के झाले. दोन वर्षांत दुपटीहून जास्त. त्यांच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये याला साथ म्हटले, पण तोवर व्यापार रुजला होता.

भारताने इथे जे केले त्याचे मोल आपल्याकडे पुरेसे ओळखले गेलेले नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अध्यादेश जाहीर केला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, सगळे बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षीच्या शालेय पाहणीत १३ ते १५ वयाच्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी २.८ टक्क्यांनी ती कधीतरी वापरलेली होती. हा आकडा लहान असतानाच दार बंद झाले. गुटख्याच्या वेळी आधी धंदा वाढला, मग त्यावर कर मिळू लागला, मग त्याच्याकडे वकील आले, आणि मग सरकार जागे झाले. या वेळी क्रम उलटला.

सिगारेट कायदेशीर ठेवून ई-सिगारेट बंद करणे विसंगत आहे, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. प्रौढ धूम्रपान करणाऱ्याला कमी हानिकारक पर्याय मिळू नये का, हा प्रश्नही खोटा नाही. ब्रिटनने त्या कारणाने नियमनाचा रस्ता धरला होता. पण एकदा वापरून फेकायच्या नळ्या मुलांच्या हातात इतक्या गेल्या की १ जून २०२५ पासून तिथेही त्यांच्या विक्रीवर बंदी आली. सिगारेट आधीच रुजलेली आहे, ती उपटायला पिढ्या लागतील. म्हणून दुसरे रोप लावू द्यावे, हा युक्तिवाद खानदेशाने तरी मान्य करू नये.

कायदा झाला म्हणजे काम झाले नाही, हेही पुडीनेच शिकवले आहे. २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला राज्यांना लिहावे लागले की शाळांच्या आसपास आणि ऑनलाइन ई-सिगारेट मिळते आहे. १५ संकेतस्थळांना नोटिसा गेल्या. या मालाला सेंधव्याचा घाट लागत नाही, मोबाइल आणि कुरिअर पुरतात. आमची मुले बारावीनंतर, काही तर दहावीनंतरच, शिकवणीसाठी नाशिक, पुणे, कोटा इथे जातात आणि दिवाळीला परत येतात. जळगावचे पालक निर्धास्त राहावेत असे यात काही नाही.

शाळेच्या पातळीवर साधने आहेत. सलाम मुंबई फाउंडेशनसारख्या संस्थांनी शिक्षण खात्याबरोबर तंबाखूमुक्त शाळांची मोहीम वर्षानुवर्षे चालवली आहे. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेने शंभर यार्डांवर पिवळी रेघ आखायची असते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी केली, ती मुलांसाठीच, कारण पाकीट घ्यायचे पैसे मुलाकडे नसतात. २०१८ मध्ये हुक्का पार्लर बंद झाले. यातले काय काय जिल्ह्यात खरोखर लागू होते, हे मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी आणि ठाण्याचा निरीक्षक यांनी एकत्र बसून पाहिले तरच कळेल.

आणि एक गोष्ट कागदावरची. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शाळेजवळ किंवा अल्पवयीन मुलाला तंबाखू विकणाऱ्यास कमाल दंड आहे २०० रुपये. वीस वर्षे तो तेवढाच राहिला. २०२१ च्या सुरुवातीला दंड वाढवण्याचा आणि वय २१ करण्याचा मसुदा केंद्राने लोकांपुढे ठेवला, तो पुढे सरकला नाही. कर्नाटकाने आपल्यापुरती दुरुस्ती करून वय २१ आणि दंड १,००० रुपये केला. महाराष्ट्रालाही ते करता येईल. पण तोवर हात बांधलेले नाहीत. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७७ वे कलम म्हणते की मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मूल तेच, पुडीही तीच. २०० रुपयांची पावती फाडायची की ७७ व्या कलमाखाली गुन्हा नोंदवायचा, हे तक्रार लिहून घेणाऱ्याच्या टेबलावर ठरते. जळगाव किंवा धुळ्यात कुणी पालक वा शिक्षक शाळेजवळच्या टपरीची तक्रार घेऊन ठाण्यात जाणार असेल, तर त्याने अर्जात हे कलम आकड्यासकट लिहून न्यावे आणि अर्जाची पोच घ्यावी.